दुपारी एकच्या आत

२१ जून, बुधवार

ड्वेन फ्लोरिडाला चालला. आज क्लबच्या मासिक बैठकीत त्याने उठून सांगितलं, गुडघे आणि बायको, दोघांनाही आता इथला बर्फ सोसत नाही. सगळे हसले. मला हसू आलं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होणारे पिस्तुलाचे सामने ड्वेन चालवतो, आणि आता तोंड कोण उघडणार हे मला ठाऊक होतं.

वॉल्ट ग्राबियाकने उघडलं. हेम्लॉक फोर्क क्लबचा तो अकरा वर्षं अध्यक्ष आहे आणि स्वतः हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडणाऱ्यांपैकी. त्यांचं मैदान आमच्या गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधांच्या मागेच आहे. आम्ही आत असलो की त्यांना एक बारही काढता येत नाही.

"वीस सेकंद पळायचं, ठो-ठो करायचं, मग अर्धा तास गप्पा हाणायच्या. याला तुम्ही सामना म्हणता," वॉल्ट म्हणाला. "गेल्या खेपेला पाच वाजले. माझी माणसं बाहेर गाड्यांत बसून कॉफी पीत होती. पीटचं मूत्राशय आता तरुण राहिलेलं नाही."

"ते कधीच नव्हतं," मागून कोणीतरी म्हणालं.

ठराव झाला. अजून तीन सामने मिळतील. तिसऱ्या खेपेपर्यंत दुपारी एकच्या आत बांध मोकळे व्हायला हवेत. नाही झाले तर ऑक्टोबरपासून पिस्तुलाचे सामने बंद, सगळे रविवार तबकडीवाल्यांचे.

मग वॉल्टने विचारलं, ड्वेनच्या जागी कोण? चाळीस माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

"मी," असं कोणीतरी म्हटलं. ती मीच होते.

घरी आल्यावर वाटलं, कशाला पडलीस यात? वय सहासष्ट. पिस्तूल हातात धरून चारच वर्षं झाली. पण खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून महिन्यातला हा एकच दिवस असा आहे, ज्याच्यासाठी मी गजर लावते.

२५ जून, रविवार

आमच्याच सामन्यांतली शॉना दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे आणि दिसेल त्याचं चित्रीकरण करते. तिच्याकडून गेल्या वर्षभराचे सामने मागवून घेतले आणि सकाळभर बघत बसले. टायमर वाजतो, नेमबाज पळतो, भिंतींच्या फटींतून पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडतो, लोखंडी पाट्या खाली पडतात, संपलं. सगळे झपाझप. यांचे पाच कसे वाजतात?

दुपारी कपडे वाळत घालताना डोक्यात उजेड पडला. शॉना फक्त नेमबाजी टिपते. दोन नेमबाजांच्या मधलं काही टिपत नाही. दिवस जातो तो तिथेच.

एकतीस वर्षं मी मुख्य नर्स म्हणून ऑपरेशन थिएटर चालवलं. सर्जन किती वेगाने कापतो यावर तिथला दिवस कधीच ठरला नाही. एक पेशंट बाहेर गेल्यापासून दुसरा आत येईपर्यंत किती वेळ जातो, त्यावर ठरायचा. इथेही तेच आहे. गुण मोजायचे, पुठ्ठ्यांवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायची, पाट्या उभ्या करायच्या, पुढचा माणूस रेषेवर आणायचा. हे तर मला झोपेतही येतं.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

९ जुलै, रविवार

पहिला सामना. अडीच वाजले.

सकाळी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. गुण मोजताना गप्पा नाहीत. भोकं बुजवताना गप्पा नाहीत. आपली पाळी विसरला तर नाव शेवटी. मोबाईल खिशात. आवाज थोडा चढला असेल, पण बाहेर मोकळ्यावर, कानांत बोळे घातलेल्या माणसांशी कुजबुजून चालत नाही.

दुसऱ्या स्टेजवर, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या टप्प्यावर, एक माणूस पाळीच्या वेळी सँडविच खात होता. मी नाव शेवटी टाकलं. तो म्हणाला, "मी इथे सुट्टी घालवायला येतो, बाई. ओरडून घ्यायचं असतं तर कामावरच गेलो असतो." तो गेला, आणि त्याच्याबरोबर आलेले दोघेही गेले. आता सगळे मला मेट्रन म्हणतात. समोर नाही म्हणत, पण एवढ्या हळूही नाही.

नॉर्ब योस्ट माझ्या बारा जणांच्या तुकडीत होता. नॉर्ब निवृत्त वेल्डर आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि क्लबातला सगळ्यात संथ माणूस तोच. इतर लोक वीस सेकंदांत संपवतात ती स्टेज तो बागेत फेरफटका मारल्यासारखी करतो. एकही गोळी चुकत नाही हे खरं. पण एखाद्या पुठ्ठ्यासमोर तो इतका वेळ उभा राहतो की त्यांची ओळखदेख झाली असावी.

"नॉर्ब," मी म्हटलं, "जरा लवकर करता येईल का?"

"येईल," तो म्हणाला. "पण मग लवकर संपेल ना."

शेवटी सगळं आवरायला मात्र तो थांबला. थर्मासमधली कॉफी दिली. माझ्या चवीची होती, बिनसाखरेची.

११ जुलै, मंगळवार

शॉनाचा फोन आला. ती अठ्ठावीस वर्षांनी लहान आहे, पण बोलताना तसं काही मानत नाही.

"लोरेन, रागावणार नसलीस तर एक सांगू?"

"रागावेन. सांग."

"तुझ्या थिएटरमधले पेशंट बेशुद्ध असायचे. आम्ही जागे असतो."

मी फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत लावला आणि विचारलं, मग करू काय? ती म्हणाली, लोकांना काय करायचं नाही ते सांगितलंस. काय करायचं ते कोणालाच सांगितलं नाहीस. चार शहाणी माणसं प्रत्येक वेळी पुठ्ठ्यांकडे धावतात, बाकीचे उभे राहून बघतात. आळशी आहेत म्हणून नव्हे, आपल्याला कोणी बोलावलं नाही असं त्यांना वाटतं म्हणून.

हे पटायला अख्खा दिवस लागला. रात्री जेवताना पटलं.

३ ऑगस्ट, गुरुवार

या वेळी वेळखाऊ गोष्टी मुळातूनच काढणार. सगळ्यात वाईट प्रकार लोखंडी पाट्यांचा. गोळी लागूनही पाटी पडली नाही की नेमबाज हात वर करतो: "पाटी जड आहे, तपासा." मग सगळं थांबतं, ठरलेलं पिस्तूल आणि ठरलेल्या गोळ्या शोधून आणायच्या, पाटी तिथेच तशीच उभी ठेवून मारून बघायची, आणि तोवर बारा माणसं आकाशाकडे बघणार. जुलैत हे चारदा झालं.

उपाय सरळ आहे. पाटीमागे एक बोल्ट असतो, तो फिरवला की ती जराशा धक्क्यानेही पडते. आज जाऊन मी सगळ्या पाट्या हलक्या करून ठेवल्या. नॉर्ब तिथे गवत काढत होता. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "फारच हलक्या केल्यास, लोरेन."

मी म्हटलं, "तुझ्या सल्ल्याने चाललं तर आपण नाताळात संपवू."

तो हसला आणि पुन्हा गवत काढू लागला. गवत काढायची पाळी त्याची नव्हतीच, पण मी जाते तेव्हा तो तिथे असतोच. घरी करमत नसावं.

१३ ऑगस्ट, रविवार

वारा.

सकाळी साडेनऊला खोऱ्यातून वर यायला लागला आणि दिवसभर थांबला नाही. पहिला नेमबाज तयार होऊन उभा राहिला, मी टायमर वर केला, आणि कोणी बोटही हलवायच्या आत कोपऱ्यातली पाटी आडवी झाली. पुन्हा उभी केली. पुन्हा पडली. मग तिसरी पडली. मध्येच एखाद्याची धाव ऐन भरात असताना त्याने न मारलेली पाटी आपणहून लोटांगण घालायची. नियमाप्रमाणे साहित्याचा दोष आमचा, म्हणून त्याला पूर्ण स्टेज पुन्हा मारायला द्यायची. एका माणसाने तीच स्टेज चारदा मारली. चौथ्या वेळी त्याला इतकी सवय झाली होती की दिवसातला सर्वांत चांगला वेळ त्याचाच लागला, आणि मग त्यावरून भांडण.

"मेट्रन, पाट्यांना भूल दिलीस की काय?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसले असते, पण कुंपणाबाहेर वॉल्ट हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्यामागे तबकडीवाल्यांच्या गाड्यांची रांग.

आम्ही संपवलं तेव्हा साडेतीन झाले होते. जुलैपेक्षाही वाईट.

जाताना वॉल्ट गाडीच्या खिडकीची काच खाली करून म्हणाला, "एक उरला, लोरेन."

"मला मोजता येतं," मी म्हटलं.

१४ ऑगस्ट, सोमवार

राजीनामा लिहून काढला. चांगला लिहिला, मोजक्या शब्दांत. मग फाडला, कारण तो वॉल्टच्या टेबलावर पडलेला डोळ्यांसमोर आला.

आज दिवसभर घरात होते. कामाच्या माणसाला घर किती लहान असतं हे निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

मला एक भीती वाटते, ती इथे लिहून ठेवते. मी थिएटर चांगलं चालवलं हे खरं, पण निरोप समारंभाला केक अर्धा उरला होता. लोकांना माझी शिस्त हवी होती. मी हवी होते की नाही, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. पिस्तुलाचे सामने गेले तर क्लबात माझं काय उरेल? वर्षाची वर्गणी आणि भिंतीवरच्या फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा.

१९ ऑगस्ट, शनिवार

पाट्या नीट करायला क्लबवर गेले. नॉर्ब आधीच आला होता. पाट्या जमिनीत रुतून कलायच्या, म्हणून त्याने घरून रुंद लोखंडी बैठका वेल्ड करून आणल्या होत्या. सगळ्यांना. त्यात त्याचा पूर्ण आठवडा गेला असणार.

"वाऱ्याने पडणार नाहीत, गोळीने पडतील," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हे जुलैतच केलं असतंस तर?"

"जुलैत तू विचारलं नव्हतंस."

"ऑगस्टमध्येही नाही विचारलं."

"नाही," तो म्हणाला, "पण ऑगस्टमध्ये तुझा चेहरा पाहिला."

माणूस मोघम बोलतो. मग दोघांनी मिळून एकेक पाटी मारून तपासली. काम दोन तासांचं होतं, त्याच्याबरोबर संध्याकाळ झाली. मध्ये त्याने डब्यातून कोबी-शेवयांची हलुस्की काढली. माझी आई करायची तशी, कांदा चांगला करपेपर्यंत परतलेला. मी दोनदा घेतली.

२७ ऑगस्ट, रविवार

आज क्लबच्या मागच्या मोकळ्या जागेत बिनपिस्तुलाची तालीम घेतली. शॉनाने निरोप फिरवला होता. मला वाटलं पाच जण येतील, एकोणीस आले. ते जुलैत निघून गेलेले तिघेही आले. सँडविचवाला म्हणाला, "मी जेवून आलोय, मेट्रन."

मी आज ओरडले नाही. प्रत्येकाचं नाव घेऊन प्रत्येकाला जागा दिली. थिएटरात असंच असतं, कोण कुठे उभं राहणार हे आधीच ठरलेलं. आमच्यात एक जुनी सवय होती: पुढचा नेमबाजही सभ्यपणे भोकं बुजवायला धावायचा, मग परत येऊन पट्टा शोधायचा, चष्मा शोधायचा, कानांवरचे ढापे शोधायचे. तो शोधत असताना बाकी सगळे थांबलेले. म्हणून आता जो मारून आला तो, जो रेषेवर जाणार तो आणि त्याच्या पाठचा एक, एवढ्या तिघांनी पुठ्ठ्यांना हात लावायचा नाही. बाकी एकजात सगळ्यांनी, गुण ओरडून सांगितले जात असतानाच मागोमाग बुजवत जायचं.

"म्हणजे मी मदत केली तर चूक?" एक जण म्हणाला.

"तुझी पाळी असताना, हो. तू सज्जन आहेस हे आम्ही धरून चाललोय."

सगळे हसले. बोटांचं पिस्तूल करून पळत होते, तोंडाने ठो-ठो म्हणत होते. साठीच्या माणसांना तसं पळताना पाहून शॉनाने चित्रीकरण केलं. या वेळी तिने सगळं टिपलं, मधलंसुद्धा.

तिसऱ्या फेरीपासून मधला वेळ निम्म्यावर आला. मी शाबासकी दिली. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. नॉर्ब म्हणाला, "लोरेन, पुन्हा म्हण, शॉनाला टिपायचं राहिलं."

८ सप्टेंबर, शुक्रवार

नावं आली. वॉल्ट ग्राबियाकने नाव दिलंय. स्वतः मारणार म्हणे. आयुष्यात कधी पिस्तुलाच्या सामन्यात उतरला नाही, आणि उतरायला हाच सापडला. शॉनाने चिठ्ठ्या काढल्या तेव्हा तो माझ्याच तुकडीत आला.

नॉर्बही माझ्याच तुकडीत. दर खेपेला चिठ्ठीत तो माझ्याकडेच कसा येतो हे शॉनाला विचारलं. ती म्हणाली, "चिठ्ठ्यांचं काही सांगता येत नाही बाई."

१० सप्टेंबर, रविवार

आज लिहायलाच हवं.

सकाळ स्वच्छ होती. वारा नव्हता. पहिली स्टेज झाली तेव्हा मी घड्याळ पाहिलं आणि विश्वास बसेना. सगळे आपापल्या जागी होते. एक संपायच्या आत दुसरा रेषेजवळ, कानांवर ढापे चढवून. पुठ्ठ्यांकडे सगळे मिळून जायचे आणि सगळे मिळून परत यायचे. तिथे गप्पा चालल्या होत्या, खूप चालल्या होत्या, पण हात थांबत नव्हते. मी गप्पांना काही म्हटलं नाही.

वॉल्टची सुरुवात बरी झाली. आयुष्यभर बंदूक चालवलेला माणूस, नजर चांगली. तिसऱ्या स्टेजवर टायमर माझ्या हातात होता. उजवीकडच्या फटीतून मारून झालं की डावीकडे पळायचं आणि पळता पळता पिस्तुलात गोळ्यांची दुसरी मॅगझिन घालायची, अशी ती स्टेज. नव्या माणसाची इथेच गडबड होते. अंग डावीकडे वळतं, मॅगझिन घालायला हात आणखी डावीकडे वळतो, आणि नळी समोरच्या बांधाकडे राहायची सोडून मागे फिरते. मागे माणसं उभी असतात.

वॉल्टची नळी फिरली. निसटती नव्हे, चांगली फिरली. शॉना होती त्या बाजूला.

"थांब!" मी ओरडले.

तो थांबला. मी त्याच्याकडून पिस्तूल रिकामं करवून घेतलं, बघितलं, पट्ट्यात घालायला लावलं. मग जे म्हणायचं असतं ते म्हटलं. आजचा सामना तुझ्यापुरता संपला.

माझं लक्ष नव्हतं, तो वॉल्ट आहे हे मी विसरले होते, असं लिहिलं तर बरं वाटेल. पण ते खोटं होईल. तोंडातून "थांब" निघालं तेव्हा मला पक्कं माहीत होतं मी कोणाला थांबवतेय.

त्याचा चेहरा लाल झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "लोरेन, जरा विचार कर."

"झाला विचार."

"बोटभरच गेली असेल."

"वॉल्ट, ती बाई तुझ्या नळीसमोर होती."

त्याने शॉनाकडे पाहिलं. मग तो पार्किंगकडे चालायला लागला. थोड्या वेळाने शॉना म्हणाली, "गेला आपला रविवार." तिचा आवाज कापत होता, आणि तो रविवारसाठी नव्हे, त्या नळीमुळे, हे मला उशिरा कळलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नॉर्ब म्हणाला, "पुढे कोण आहे?" पुढे तोच होता.

चौथ्या स्टेजवर गेलो तर पुठ्ठ्यांपाशी वॉल्ट उभा. पट्टा नाही, पिस्तूल गाडीत ठेवून आलेला, आणि हातात चिकटपट्टीचं भेंडोळं. आपल्याकडे रीत आहे, सामन्यातून बाद झालेला माणूस घरी जात नाही. थांबतो आणि बाकीच्यांची भोकं बुजवतो. पण ही रीत पिस्तूलवाल्यांची. वॉल्टला ती कोणी सांगितली कोण जाणे.

मग तो शेवटपर्यंत थांबला. माझ्याशी एक शब्द नाही. प्रत्येक पुठ्ठ्याशी वाकून काहीतरी बघत होता, नॉर्बला काहीबाही विचारत होता, तुकडी पुढे सरकताना घड्याळाकडे नजर टाकत होता. पुरावे गोळा करत असणार. एकदा तर मोठ्याने हसलासुद्धा. माझ्यावरच हसला असेल. एक मात्र खरं, ज्याला मारायचं नाही असा माणूस सतत पुठ्ठ्यांपाशी असला की काम फार पळतं. त्याने आमची निदान पाव तासाची बचत केली असेल, आणि ती त्याच्याच विरुद्ध.

शेवटची गोळी सुटली. शॉनाने घड्याळ दाखवलं. बारा चाळीस.

सगळ्यांनी आरडाओरडा केला. मी मान हलवली आणि कागद गोळा केले. वॉल्ट तोवर गेला होता. त्याची तबकडीवाली माणसं आत येत होती, आणि पीट म्हणाला, "आज गाडीत कॉफीसुद्धा संपली नाही."

एकच्या आत संपलं. आणि अध्यक्षाला मीच हाकललं. याची बेरीज काय होते मला सांगता येत नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

बैठक. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. राजीनामा पुन्हा लिहिला होता, तो पर्समध्ये होता.

वॉल्ट उभा राहिला. "पिस्तुलाच्या सामन्यांचा विषय," तो म्हणाला. "बारा चाळीसला संपला. मी स्वतः पाहिलं. पूर्ण वेळ होतो, मारत नव्हतो, कारण मला बाद केलं होतं."

अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. खोलीत चुळबुळ झाली.

"माझ्याच क्लबात," वॉल्ट म्हणाला. "अकरा वर्षांत मला कोणी थांब म्हटलं नाही. बायको म्हणते, पण ती मोजायची नसते. मी लोरेनला म्हटलं विचार कर. मी अध्यक्ष आहे आणि सामने माझ्या हातात आहेत, याचा विचार कर, असंच मला म्हणायचं होतं. हे मी कबूल करतो. तिने केला विचार आणि मला बाहेर काढलं." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "माझी नात सोळाची होणार आहे. तिला हा खेळ शिकायचाय आणि मी नाही म्हणत होतो. आता त्या बाईच्या रेषेमागे मी नातीला उभी करीन. दुसऱ्या कोणाच्या नाही."

मग त्याने शॉनाची सगळ्यांसमोर माफी मागितली. शॉना रडली, आणि मग रडल्याबद्दल चिडली.

ठराव सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला. महिन्याचा दुसरा रविवार एकपर्यंत पिस्तुलांचा, पुढे तबकड्यांचा. कायमचा.

मी आभार मानायला उभी राहिले आणि म्हटलं, "वॉल्ट, ऑक्टोबरला तू नवशिक्यांच्या वर्गात येणार आहेस. सकाळी आठ. उशीर चालणार नाही."

"हो मेट्रन," तो म्हणाला, आणि या वेळी समोर.

पर्समधला कागद कधी फेकला आठवत नाही. घरी आले तेव्हा नव्हता.

८ ऑक्टोबर, रविवार

थंडी पडलीय, टेकड्या लाल झाल्यात. सामना साडेबाराच्या आत संपला. आजवरचा सगळ्यात चांगला. वॉल्ट शेवटून दुसरा आला. शेवटचा नॉर्ब, पण त्याची एकही गोळी चुकली नाही. या वेळी मी त्याला घाई कर म्हटलं नाही, कारण वेळ शिल्लक होता.

आता एक तक्रार. एवढा जीव काढून मी यांचे चार-साडेचार तास वाचवले, ते माणसांनी घरी जावं, आपापली कामं करावीत म्हणून. कोणीही गेलं नाही. क्लबच्या हॉलमध्ये सगळे घुसले, तबकडीवालेही आपलं आटोपून आले. कोणी सॉसेज आणले होते, कोणी भोपळ्याची ओव्हनात भाजलेली गोड 'पाय', नॉर्बने मोठं भांडंभर हलुस्की. पीट आणि सँडविचवाला एकाच बाकावर बसून एकमेकांच्या बंदुकांना नावं ठेवत होते. वॉल्ट नातीला माझ्याकडे घेऊन आला आणि ती म्हणाली, "आजोबांना खरंच हाकललंत?" मी म्हटलं, "हो, आणि तुलाही हाकलीन." तिला ते फार आवडलं.

नॉर्बने माझ्यासाठी खुर्ची राखली होती. पुढच्या रविवारी सामना नाही, तर मोकळी आहेस का, असं विचारलं. मी म्हटलं, पाट्या रंगवायच्या राहिल्यात, तू म्हणालास तर येते. तो म्हणाला, "चालेल. पाट्या रंगवू. मग जेवायला जाऊ." पाट्या आठच आहेत, जेवायच्या वेळेपर्यंत कशाला लागतील? पण त्याच्या हाताला लागतीलही.

ऊन टेकडीमागे गेलं. पाच वाजायला आले, म्हणजे ड्वेनच्या काळात सामना संपायचा तीच वेळ. मी मनात हिशोब केला आणि जरा रागच आला. शॉना कोट घालत म्हणाली, "लोरेन, घरी नाही जायचं?"

"कोणाला घाई आहे?" मी म्हटलं.

अख्खा हॉल एकदम हसायला लागला. वॉल्टने तर टेबलावर हात आपटला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.